सळ्या उभ्या की आडव्या

रस्त्याच्या कडेला एक लोखंडी जाळी असते. तिच्यावरून तुम्ही जन्मभर चालत आलात आणि तिच्याकडे नीट एकदाच पाहिलंत, हातातली किल्ली आत पडली तेव्हा. मग इकडेतिकडे बघून कुणाला तरी विचारलंत, "हे कोण उघडतं हो?" तो उघडणारा मी. रत्नागिरीत तीसेक वर्षं एका ठेकेदाराकडे मी गटारांचा मुकादम होतो. जाळ्या बसवायच्या, काढायच्या, खालचा गाळ उपसून घ्यायचा आणि लोकांच्या शिव्या खायच्या, असं काम. आता घरी बसलोय. शिव्या अजून येतात, पगार तेवढा बंद झाला.

संपादकबाईंनी फोनवर सांगितलं, "काका, तुमच्या कामातलं काहीतरी लिहा, पण दिवाळीचा अंक आहे, वास येईल असं नको." बाई, पावसाच्या पाण्याच्या गटाराला वास नसतो. वास सांडपाण्याच्या गटाराला. ही दोन वेगळी असतात हे मी तीस वर्षं सांगतोय, आणि लोक तीस वर्षं आपल्या मोरीचा पाइप गुपचूप पावसाच्या गटारात सोडतायत. एकाने तर सोडलेल्या पाइपावर तुळशीची कुंडी ठेवली होती, मी हात लावू नये म्हणून.

आता धंदा थोडक्यात सांगतो. आमचं गाव सगळं चढउताराचं. जांभा दगड पाणी पितो, पण त्याच्यावर डांबर टाकलं की ते पाणी जाणार कुठे? म्हणून रस्ता मधे जरासा फुगीर ठेवतात, पाणी दोन्ही कडांना येतं, कडेकडेने धावतं आणि वाटेत ठरावीक अंतरावर जाळी लागते. जाळीतून खाली चेंबरात, चेंबरातून पाइपात, पाइपातून व्हाळात, म्हणजे ओढ्यात, आणि तिथून भाट्याच्या खाडीत. ऐकायला सोपं आहे. सपाटीवर पाणी आळशी असतं, जाळी लागली की आत उतरतं. उतारावर ते घाईत असतं, जाळी लागली तरी थांबत नाही. हे मी आता मोठ्या ज्ञानी माणसासारखा लिहितोय. शिकलो कसा, त्याचीच ही हकीकत.

त्याआधी गिऱ्हाइकांबद्दल दोन शब्द लिहिले नाहीत तर त्यांना वाईट वाटेल. आंब्याचा हंगाम संपला की पेट्यांतलं उरलेलं गवत लोक अंगणात झाडून रस्त्यावर ढकलतात. पहिल्या चार सरींत ते जाळीवर येऊन असं काही बसतं की वर कोंबडी अंडी घालील. चौकातल्या एका दुकानदाराने स्कूटर सरळ उभी राहावी म्हणून जाळीवर कडाप्पा टाकला होता. वर पावसाळ्यात तक्रार त्याचीच पहिली. आणि व्हाळाजवळच्या एका भल्या गृहस्थाने पावसात प्रवाहाविरुद्ध वर येणारे चढणीचे मासे धरायला बांबूचा पिंजरा थेट आमच्या पाइपाच्या तोंडात बसवला. वरची अख्खी आळी तुंबली. मी पिंजरा ओढून काढला तर तो म्हणाला, "मुकादम, सावकाश. आत जेवण हाय." त्यातले अर्धे मासे मी तपासणीसाठी घरी नेले.

असा तीस वर्षं लोकांशी भांडून माझा एक पक्का सिद्धांत झाला होता. पाणी तुंबलं की चूक लोकांची. जाळी कधी चुकत नाही. माझी तर नाहीच नाही.

आमच्या भागात एक घाटी आहे, म्हणजे चांगला उभा उतार. तो संपतो तिथे वळणावर शालनवहिनींची पिठाची गिरणी. वहिनी मंडणगडकडच्या, नवरा बोटीवर, वर्षातले नऊ महिने समुद्रात. गिरणी त्यांनी एकटीने उभी केली आणि एकटीने चालवली. बाई बोलायला तिखट. दळण बारीक की जाड हे गिऱ्हाइकाने एकदाच सांगायचं, दुसऱ्यांदा सांगितलं तर, "मग तुम्हीच दळा, मी बसते तिथे." तरी रांग त्यांच्याकडेच, कारण पीठ तसं दुसरीकडे मिळत नसे.

गिरणीच्या वरच्या अंगाला, उतारावर, माझी एक जाळी होती. तिच्या सळ्या रस्त्याच्या लांबीने, म्हणजे पाणी वाहतं त्याच दिशेने उभ्या होत्या. एके सकाळी तात्यामास्तर भाट्याच्या पुलापर्यंत फेरी मारून सायकलवरून येत होते. मास्तर निवृत्त शिक्षक, सत्तरी उलटलेली, पण सायकल सुटत नव्हती. त्यांचं पुढचं चाक बरोबर दोन सळ्यांच्या मधे गेलं आणि मास्तर हँडलवरून पलीकडे. खांद्याजवळचं हाड मोडलं. हात गळ्यात बांधलेला असताना त्यांनी डाव्या हाताने माझ्याविरुद्ध तीन पानी अर्ज लिहिला. अक्षर तरीही माझ्यापेक्षा चांगलं.

मला ते लागलं. मास्तरांनी मला चौथीत शिकवलं होतं. मी कुणाला न विचारता जाळी उचलली आणि चौकटीत पाव वळसा फिरवून ठेवली. जाळी चौकोनी असते, कशीही बसते. सळ्या आता रस्त्याला आडव्या. सायकलचं चाक वरून खडखडत जाईल, पण अडकणार नाही. पाच मिनिटांचं काम. आळीतल्या लोकांनी केवढं कौतुक केलं. देवळासमोर छोटा कार्यक्रम झाला, मास्तरांनीच मला शाल घातली आणि म्हणाले, "दत्ता गणितात ढ होता, पण डोकं आहे." मी ती शाल घरी खुंटीवर अशा ठिकाणी टांगली की येणाऱ्याने विचारलंच पाहिजे.

त्या पावसाळ्यात गिरणीत पाणी शिरायला लागलं.

वहिनींनी निरोप पाठवला. मी गेलो, जाळी उचलली, खाली चेंबर स्वच्छ. तरी बोललो, "वहिनी, तुमच्या गिऱ्हाइकांच्या पिशव्या पडतात जाळीवर." पुढच्या आठवड्यात परत पाणी. मी म्हणालो, वरच्या बंगल्यातून पाला येतो. तिसऱ्यांदा मी त्यांनाच विचारलं, "जाळीवर गोणपाट तर टाकत नाही ना, डासांसाठी?" तेव्हा त्यांनी चक्कीचा पट्टा बंद केला, हात पदराला पुसले आणि प्लास्टिकची खुर्ची दारात ठेवली.

"बसा मुकादम," म्हणाल्या. "सर येतेय. आज जाळी बघायची. मी बोलणार नाय, तुम्ही पण बोलायचं नाय."

सर आली. घाटीवरून पाणी लाल होऊन उतरलं. वहिनींनी गुरांसाठी ठेवलेला मूठभर कोंडा घेतला, छत्री घेऊन जाळीच्या वर दहा पावलं गेल्या आणि तो पाण्यात सोडला. कोंडा तरंगत आला. मी बघत होतो. जाळीवर आला, आडव्या सळ्यांवरून टपटप उड्या मारत पलीकडे गेला आणि सरळ माझ्या खुर्चीच्या पायाशी येऊन थांबला. एक चिमूट आत पडली असेल तर शपथ. सळ्या उभ्या होत्या तेव्हा पाण्याला पडायला लांबच लांब फट मिळत होती. आडव्या केल्यावर ते एका सळईवरून दुसरीवर उडी मारून निघून जात होतं. जाळी स्वच्छ, चेंबर रिकामं, आणि पाणी गिरणीत. माझ्या तोंडचं पाणी मात्र पळालं.

"कळलं?" वहिनी म्हणाल्या.

"कळलं."

"मग फिरवा."

इथे मी जे केलं त्याची मला आजही लाज वाटते. पहार माझ्या टेम्पोत होती. पाच मिनिटांचं काम होतं. पण रस्त्यावर माणसं होती, समोर मास्तरांचं घर होतं आणि शाल खुंटीवर होती. मी म्हणालो, "आठ दिवस द्या. सळ्या उभ्या पण त्यांना मधे पट्ट्या जोडलेल्या, अशी नवी जाळी येते. चाक पण अडकत नाही. वर लिहून मागवतो." वहिनी आत वळल्या. उंबऱ्याला पावसाळ्यात त्या एक फळी लावत आणि फटीत माती थापत, ती माती त्यांनी पुन्हा थापायला घेतली.

गणपती पाच दिवसांवर आले होते. कोकणात ह्या दिवसांत गिरणीत काय असतं हे बाहेरच्यांना सांगायला हवं. मोदकांसाठी घरोघर तांदूळ धुतात, सावलीत वाळवतात आणि दळायला देतात. त्यासाठी वासाचा तांदूळ मुद्दाम जपून ठेवलेला असतो. मुंबईची मंडळी यायची असतात, त्यांच्यासाठी जास्तीचा. अख्ख्या आळीच्या पिशव्या आणि छोटे डबे शालनवहिनींच्या भिंतीला रांगेने लावलेले. ताजं पीठ गरम असतं, झाकण लावलं तर वाफ धरते, म्हणून दळलेल्या पिठाच्या डब्यांची झाकणं उघडी ठेवतात.

तिसऱ्या दिवशी दुपारी वहिनी जेवायला घरी गेल्या आणि घाटीवर अशी सर कोसळली की समोरचं दिसेना. पाणी फळीच्या वरून आत गेलं. पिशव्या भिजल्या, डबे तरंगून कलंडले. वहिनी धावत आल्या तेव्हा जमिनीवर आळीभराच्या मोदकांची पेज झाली होती.

मी पोचलो तेव्हा बायका जमल्या होत्या. कुणी रडत होत्या, कुणी ओरडत होत्या. एकीने विचारलं, "फळी लावली नव्हतीस काय गो?" वहिनींनी माझ्याकडे एकदा बघितलं. मला वाटलं, आता बोलणार. त्या म्हणाल्या, "नाय. विसरले. माझीच चूक."

मी त्यांना बाजूला गाठून विचारलं, "असं का बोललात?"

"तुमचं नाव घेतलं की पालिकेचे साहेब चौकशी लावणार, ठेकेदार तुम्हाला काढणार, आणि नवा मुकादम येऊन दोन वर्षं नुसता बघणार," त्या हळू आवाजात म्हणाल्या. "जाळी फिरवणार कोण? मला तुमची दया आलेली नाय, मुकादम. मला जाळी हवी हाय."

संध्याकाळपर्यंत बायकांनी आपापले डबे उचलले आणि बाजारातल्या दुसऱ्या गिरणीची वाट धरली. परत शालनच्या उंबऱ्याला पाय लावणार नाही, असं दोघीतिघी मोठ्याने बोलून गेल्या. पिठाच्या गिरणीचं असं असतं की एकदा गिऱ्हाईक सवयीने दुसरीकडे वळलं की ते परत येत नाही. नवरा बोटीवर असलेल्या बाईची स्वतःची म्हणावी अशी ती एकच गोष्ट होती, आणि ती माझ्या डोळ्यांसमोर चालली होती.

सगळ्यांत मोठा आवाज होता माझ्या बायकोचा. विजया देवरुखची. भिजलेल्यात तिची पिशवी होती, आणि तिच्यात माहेरहून आलेला तांदूळ. जेवताना तिने शालनवहिनींना यथेच्छ धुतलं. आमटी वाढताना, भात वाढताना, ताक वाढताना, प्रत्येक वेळी फळी. शेवटी मी म्हणालो, "विजया, फळी लावलेली होती. चूक माझी. जाळी मी उलटी बसवली."

तिने डाव तसाच हातात धरून मला न्याहाळलं. "तुम्ही? चूक?" म्हणाली. "लग्नाला इतकी वर्षं झाली, दुधात माशी पडली तरी तुम्ही म्हशीला दोष दिलात. आज स्वतःला देताय? शालनची एवढी बाजू का घेताय ते सांगा आधी."

झालं. दुसऱ्या दिवशी सकाळी मी चार घरी जाऊन कबुली दिली. एकीकडे हसले. दुसरीकडे म्हणाले, मुकादम मोठ्या मनाचा. तिसरीकडे मला चहा देऊन विषय बदलला. चौथ्या घरी म्हातारीने विचारलं, "तुझ्या बायकोला माहीत हाय काय, तू शालनसाठी असा फिरतोस ते?" तीस वर्षं ह्या लोकांना त्यांच्याच चुका सांगत फिरलो होतो, त्या शिव्या देत का होईना ऐकून घेतल्या त्यांनी. पहिल्यांदा माझी सांगायला गेलो तर कोणी घेईना.

विजया मात्र हुशार. म्हणाली, "बोलून काय उपयोग? दाखवा."

मी दाखवायचं ठरवलं. सर नुकती ओसरली होती, पण उतारावरून पाणी जोरात येत होतं. विजयाने बायकांना हाका मारून आणलं, छत्र्या घेऊन दहाबारा जणी जाळीभोवती उभ्या राहिल्या. मी वहिनींकडे कोंडा मागितला. त्यांनी पिशवी दिली आणि एवढंच म्हणाल्या, "कशाला करताय हे?" मी कोंडा विजयाच्या हातात दिला. मी टाकला असता तर माझ्या हातात काहीतरी लबाडी आहे असं म्हणायला ह्या बायकांनी कमी केलं नसतं.

विजयाने वर जाऊन मूठ सोडली. कोंडा आला, जाळीवर चढला, उड्या मारत पार झाला आणि गिरणीच्या फळीला जाऊन चिकटला. तिने दुसरी मूठ टाकली. तेच. तिसऱ्या मुठीला तिने कोंड्याकडे बघितलंच नाही, फळीकडे बघितलं. फळीच्या फटीत कित्येक दिवसांची माती होती, थरावर थर थापून घट्ट बसलेली. विसरलेल्या फळीला माती कोण थापणार?

"सळ्या मी आडव्या केल्या," मी म्हणालो. "आणि कळल्यावर पण फिरवल्या नाहीत. माझी शान जाईल म्हणून. तुमचे मोदक माझ्यामुळे गेले."

पहार घेऊन मी जाळी उचलली खरी, पण हातात धरून उभा राहिलो, कारण तेवढ्यात तात्यामास्तर आले. अंगावर रेनकोट, हात बरा झालेला, सायकल पुन्हा सुरू. खाली उतरून त्यांनी सगळा प्रकार विचारला. मी सांगितला. जाळी अशी ठेवली तर पाणी गिरणीत, तशी ठेवली तर मास्तरांचं चाक फटीत. पट्ट्यांची नवी जाळी, आठ दिवस म्हणालो होतो खरा, यायला महिने लागणार. ज्या माणसाचं हाड तिथे मोडलं, त्याला मी काय विचारणार होतो?

मास्तरांनी उतार बघितला, गिरणी बघितली, चौथीच्या वर्गात माझ्या पाटीकडे बघायचे तसं माझ्याकडे बघितलं.

"फिरव," म्हणाले. "मी इथे उतरून चालत जाईन."

मला तिथल्या तिथे त्यांच्या पाया पडावंसं वाटलं. हातात जाळी होती म्हणून राहिलं.

सळ्या उभ्या केल्या. विजयाने पुन्हा मूठ सोडली आणि कोंडा सळ्यांमधून असा खाली गेला की एक कण पलीकडे दिसेना. कुणी टाळ्या वगैरे वाजवल्या नाहीत. विजया छत्री मिटून गिरणीत गेली, वहिनींच्या हातातली केरसुणी घेतली आणि आतलं उरलेलं पाणी झाडायला लागली. संध्याकाळी आमच्या घरात पंख्याखाली नवे तांदूळ वाळत होते, आणि आळीतल्या जवळजवळ सगळ्या घरांत तसेच. गणपतीच्या आदल्या दिवशी गिरणीपुढे रांग होती. वहिनी पहिल्याच बाईवर खेकसल्या, "एकदा सांगितलंस ना बारीक? कळलं."

मला ठेकेदाराने बोलावून घेतलं, साहेबांनीही. परवानगीशिवाय जाळी दोनदा फिरवल्याबद्दल माझ्याकडून लेखी घेतलं आणि सहा महिने दुसऱ्या भागात टाकलं. गेलो. तक्रार नाही. शाल मी खुंटीवरून काढून कपाटात ठेवली.

पट्ट्यांची नवी जाळी शेवटी पुढच्या उन्हाळ्यात आली. माझी बदली संपली होती, म्हणून मीच बसवली. तोवर मास्तर रोज सकाळी त्या जागी उतरत, चार पावलं सायकल हाताने नेत आणि पुढे जाऊन पुन्हा चढत. त्या वयात चढणं किती जड जात होतं ते मी लांबून बघितलं होतं. म्हणून नवी जाळी बसली त्याच सकाळी मी त्यांची वाट बघत थांबलो. ते आले आणि सवयीने उतरायला लागले.

"मास्तर, आता उतरू नका," मी म्हणालो. "नवी जाळी आहे. चाक अडकायचं नाही, पाणी पण आत जातं. बिनधास्त जा."

त्यांनी जाळीकडे वाकून बघितलं. पट्ट्या मोजल्या असाव्यात.

"कोणी बसवली?"

"मी."

"मग उतरलेलंच बरं," म्हणाले, आणि सायकल हाताने धरून चालत गेले.